आर्डुइनोचा डेटा संगणकावर सतत बघायचा आणि साठवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंड्याजवळच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींच्या आळ्यात ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर लावलाय, तो ऊनो या आर्डुइनो बोर्डाला जोडलाय. सिरियल प्लॉटरवर (आर्डुइनोच्या प्रोग्राममधल्या आलेखाच्या खिडकीत) रेघ दिसते पण मागचं काही उरत नाही, आणि पायथनमध्ये काढलेला आलेख तासाभरात मागे पडतो.

प्लॉटर हे चाचणीचं साधन, त्याच्यावर नोंदीसाठी विसंबू नका. आयडीई २ मध्ये (आर्डुइनोचा कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये) तो जेमतेम ५० बिंदू दाखवतो आणि फाइल काही ठेवत नाही. आकडे स्वल्पविरामाने वेगळे करून शेवटी प्रिंटएलएन (ओळ संपवणारी आज्ञा) दिलंत की प्रत्येकाची वेगळी रेघ येते. सोबत ० आणि १०२३ (वाचनाची दोन टोकं) हे दोन स्थिर आकडेही पाठवा, म्हणजे उभी मोजपट्टी सारखी वरखाली होणार नाही.

आता मागे पडण्याबद्दल. लूपमध्ये थांबा नसेल तर ऊनो ९६०० बॉडला (पोर्टच्या वेगाला) सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं ओतत राहतो. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनची आलेख काढणारी लायब्ररी, प्रत्येक ओळीगणिक अख्खं चित्र पुन्हा काढतं, त्यात वेळ जातो, आणि न वाचलेल्या ओळी पोर्टच्या बफरमध्ये तुंबतात. सेन्सर मंद नाही, तुम्ही शिळा डेटा बघताय! मातीचा ओलावा काही सेकंदात पालटत नाही, तेव्हा १० सेकंदांनी एक ओळ पुरे: दिवसाला ८,६४० ओळी, ओळ ३० अक्षरांची धरली तरी २६० केबीच्या आत.

पायसिरियलने (पोर्ट वाचणाऱ्या पायथन लायब्ररीने) पोर्ट उघडल्यावर २ सेकंद थांबा, कारण पोर्ट उघडताच ऊनो रीसेट होतो. पहिली ओळ अर्धवट असू शकते, ती टाकून द्या. प्रत्येक ओळीला संगणकाची तारीख-वेळ जोडून सीएसव्हीत (स्वल्पविरामांच्या साध्या फाइलीत) लिहा आणि लगेच फ्लश करा, म्हणजे डिस्कवर उतरवा, नाहीतर वीज गेली की शेवटच्या ओळी गेल्या. दर दिवशी नवी फाइल. आलेखाचा प्रोग्राम वेगळा ठेवा: त्याने पोर्टला हात न लावता फाइलमधल्या शेवटच्या ६०० ओळी वाचायच्या. पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती असतो. म्हणूनच आयडीईचा मॉनिटर उघडा असताना पायथन ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतं. लॅपटॉपची स्लीप सेटिंगही बंद करा.

रेघेत अधूनमधून उंच सुळके येत असतील तर आधी पंपावर संशय घ्या. मोटर सुरू होताना लांब तारेत गोंगाट शिरतो. सलग १५ वाचनं घेऊन ती लहान ते मोठी अशी लावा आणि मधलं घ्या. सरासरी नको, एक वेडा आकडा तिला ओढून नेतो. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब ओढू नका. घर दूर असेल तर बोर्ड सेन्सरजवळ ठेवून पुढे आरएस-४८५ (लांब तारेसाठीची जोडणी).

सगळी रेघच हळूहळू सरकत असेल तर दोष बहुधा यूएसबीच्या ५ व्होल्टचा. ऊनो त्याच्याशीच तुलना करून मोजतो, आणि ते व्होल्टेज स्थिर नसतं. सेन्सरच्या पट्टीवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर ऊनोची ३.३ व्होल्टची पिन एरेफ या संदर्भ-व्होल्टेजच्या पिनला जोडा आणि अ‍ॅनलॉग रेफरन्स एक्स्टर्नल करा. पण ही ओळ पहिल्या अ‍ॅनलॉगरीड या वाचनाच्या आज्ञेच्या आधीच यायला हवी, उलटं झालं तर चिप जळू शकते.

आणि पाऊस सुरू होण्याआधी पट्टीच्या वरच्या भागावरचे सुटे भाग व कडा नेलपॉलिशने किंवा इपॉक्सीने बंद करा. तिथून पाणी शिरलं की आलेखात कायम ओली माती दिसत राहते.