अ‍ॅम्प लहान होता, तरी हॉर्न का उडाले?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. सुट्टीत एका साउंडवाल्याकडे मदतीला जातो. मागच्या महिन्यात एका चॅनेलवर दोन टॉप (वरचे स्पीकर बॉक्स) लावले होते, प्रत्येकी ८ ओहम, ५०० वॅट. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) ४ ओहमला ६५० वॅटचा. स्पीकरपेक्षा अ‍ॅम्प लहान, म्हणजे धोका नाही, असं मीच सांगितलं होतं. कार्यक्रम संपता संपता दोन्ही हॉर्न (बॉक्समधले उंच सुरांचे युनिट) गेले आणि खापर माझ्यावर फुटलं. मला साउंड इंजिनिअर व्हायचंय. बाबा म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्सला जा. की हे क्षेत्र माझं नाहीच?

उत्तर : बॉक्सच्या मागची पाटी वाचून आकडे लिहिणारी मुलं मला फार भेटत नाहीत, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. क्षेत्र तुझंच आहे, फक्त तू मनात धरलेली खुर्ची बहुधा तुझी नाही.

आता तुझा हिशेब. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम, बरोबर. ६५० वॅट वाटून प्रत्येकी ३२५, तेही बरोबर. चुकलं ते ‘लहान म्हणून सुरक्षित’ इथे. अ‍ॅम्पच्या पाटीवर असतं ते तो आवाज न फाडता किती देईल, एवढंच. त्यापुढे फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) रेटला की लाटेची टोकं छाटली जातात. साइन लाट छाटत छाटत चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीत सरासरी पॉवर दुप्पट होते. गाण्यात छाटणी बसते ती मुख्यतः बेसवर. ट्रेबल चढतच राहतो, वर छाटणीतून निघालेले हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर). क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) हे सगळं इमानदारीत हॉर्नकडे पाठवतो. आणि ५०० वॅट ही ताकद अख्ख्या बॉक्सची. आतल्या हॉर्न युनिटची स्वतःची ताकद पुष्कळदा शंभर वॅटच्याही आत असते.

त्या रात्री क्लिपचा, म्हणजे छाटणी दाखवणारा, लाल दिवा किती वेळ लागलेला होता, ते तू लिहिलेलं नाहीस. तुला आठवत असणार.

साधारण रीत अशी, की स्पीकरच्या सलग सोसण्याच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट अ‍ॅम्प घ्यायचा. तुझ्या जोडीला ४ ओहमवर १५०० ते २००० वॅट. ही जागा टोकांसाठी ठेवायची, सतत वापरायला नव्हे. लिमिटर (ठरलेल्या पातळीपुढे सिग्नल रोखणारा) लावायचा आणि मिक्सरवरच्या हाताला आवर घालायचा. नाहीतर मोठा अ‍ॅम्पही कॉइल (स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं) जाळतोच, फक्त लवकर.

करिअरचं बोलायचं तर तू विचारलंस ते मिक्सिंगबद्दल नाहीच. आवाज कसा लागला, गायकाला मॉनिटरमध्ये काय हवं होतं, यावर पत्रात एक ओळ नाही. सगळं पत्र ओहम आणि वॅट. हे सिस्टिम इंजिनिअरचं, नाहीतर दुरुस्ती आणि डिझाइनकडे जाणाऱ्याचं डोकं. त्याला फिल्टर, फेज, पॉवर सप्लाय पक्के लागतात, आणि ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकवतात. या एका बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. पण सुट्टीतलं काम सोडू नकोस. केबल गुंडाळल्याशिवाय आलेली पदवी स्टेजवर कामाची नसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आता बरेच स्पीकर पोटात अ‍ॅम्प घेऊनच येतात, जोडी कारखान्यातच जुळलेली असते. त्यामुळे नुसत्या जुळवणीच्या ज्ञानावर पोट भरणार नाही. ती जोडी का बिघडली, हे सांगता येणाऱ्याला मात्र काम आहे.

कानांची काळजी आजपासून घे. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, असा हिशेब धर आणि इअरप्लग खिशात ठेव.

मी समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढली. जळालेल्या कॉइलची तार काळी पडते, वॉर्निशचा करपट वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. धक्क्याने गेलेल्या युनिटची तार चकचकीत असते, डायफ्रॅमला (थरथरणाऱ्या पडद्याला) मात्र चीर. तुमची युनिटं फेकली नसतील तर मालकांना विचारून एक उघड. आधी मल्टिमीटर लाव. ८ ओहमच्या चांगल्या कॉइलला साधारण ६ दिसतात, काहीच दिसलं नाही तर तार तुटली. मग तिचा रंग बघ आणि मला कळव.