कुऱ्हाडबंदी करायची, पण मोळीवाल्या बायांचं काय?

प्रश्न : आमच्या पाड्याला सामूहिक वनहक्क मिळालाय. पोरं म्हणतात सरसकट कुऱ्हाडबंदी करा, नाहीतर डोंगर बोडका होईल. पण ज्या घरांना शेतीच नाही त्यातल्या बाया मोळी विकून मीठ-मिरची आणतात, आणि सभेत त्या तोंडच उघडत नाहीत. ठराव कसा करावा?
– एक ताई, साक्री तालुका

उत्तर : ताई, ठरावाच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत, नाहीतर बऱ्याच ठिकाणी या बायांची आठवण दंड वसूल करतानाच येते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, आणि नियमाप्रमाणे सभेला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, म्हणजे पाराखाली पंधरा बाप्यांनी सह्या केल्या तर तो ठराव लंगडा. मोळीवाल्या दिवसा जंगलात असतात, म्हणून सभा रात्री जेवणं झाल्यावर घ्या आणि आधी त्यांनाच बोलू द्या, कुठं नवी फूट आलीय आणि कुठं वाळलेलं पडलंय हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

आता नियम. आपल्या पांझरा नदीवरची पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात, आणि पाणी गावानं नेमलेला पाटकरीच देणार, कोणी आपल्या हातानं पाटाचं बारं फोडायचं नाही. पाणी कमी असलं की एखादा अख्खा फड कोरडा ठेवायचे, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला, शेवटच्या गरिबाच्या एकट्याच्या नाही! मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. डोंगराचेही भाग पाडा, एक भाग दोन-तीन पावसाळे बंद, बाकीच्यात वाळलेलं सरपण डोक्यावरून न्यायला मोकळीक, आणि ओलं तोडायला बंदी ती सगळ्यांनाच, घराला सागाचा वासा हवा असलेल्यालाही. राखणदारी मजुरी देऊन करणार असाल तर ती आधी मोळीवाल्या घरांना द्या.

बारीपाडा तर तुमच्याच तालुक्यात, तिथं चैत्राम पवारांसोबत गावानं ९० च्या दशकापासून साधारण ४०० हेक्टर जंगल राखलंय, पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. एक दिवस जाऊन या, पण नुसत्या पुढाऱ्यांना नको, या बायांनाही गाडीत बसवा.

आणि दंडाचा आकडा लिहायच्या आधी ज्यांच्या घरात गॅसची टाकी आहे त्यांच्याकडून वर्षभर सरपणाला न जायचं कबूल करून घ्या.