सी-आर्म पुन्हा त्याच जागी कसा येतो?

प्रश्न : माझ्या आईच्या खुब्याचं हाड मोडलंय. रॉड घालताना सी-आर्म या कमानीच्या एक्स-रे यंत्रावर वरचेवर एक्स-रे घ्यावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या एका हॉस्पिटलात त्या यंत्राची जागा कॅमेऱ्याने टिपणारी ‘नॅव्हिगेशन’ सोय आहे म्हणे. त्याने काय फरक पडतो? आईला तिकडे हलवू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तेवढ्यासाठी हलवू नका. या वयात खुब्याचं ऑपरेशन लवकर होणं जास्त महत्त्वाचं. मी थिएटरमध्ये सी-आर्म चालवणारी तंत्रज्ञ आहे. तुमच्या आईच्या ऑपरेशनला चांगला सर्जन आणि हात बसलेला तंत्रज्ञ पुरतो.

सी-आर्मच्या कमानीच्या एका टोकाला एक्स-रेची नळी असते, दुसऱ्या टोकाला चित्र पकडणारा डिटेक्टर आणि मध्ये पेशंट. खुब्याला समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं आलटूनपालटून लागतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यात जो स्क्रू बसतो, त्याचं टोक गोळ्याच्या शिखरापासून किती लांब आहे, हे दोन्ही चित्रांत मोजतात. बेरीज २५ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त झाली, तर स्क्रू पुढे हाड कापून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

म्हणजे कमान फिरवून नेली, की परत अगदी त्याच कोनात आणावी लागते. आम्ही चाकांपाशी फरशीवर चिकटपट्टी लावतो, कमानीवरचे अंश लक्षात ठेवतो. तरी चित्र कधी तिरकं येतं. मग जरासं फिरवायचं, पुन्हा पेडल दाबायचं. अशा शोधाशोधीच्या चित्रांचा पेशंटला काहीच उपयोग नसतो आणि किरण मात्र पडतातच. माझा जीव तुटतो तो इथे.

नॅव्हिगेशनचा खरा फायदाही इथेच आहे. कमानीवर आणि पेशंटच्या हाडावर चमकत्या गोळ्यांची एकेक चौकट बसवतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा दोन्हींची जागा सतत मोजत राहतो. चित्र काढताना कमान कुठे होती हे संगणकाला ठाऊक असतं, त्यामुळे नंतर किरण न सोडताही त्याच चित्रावर हत्याराचं टोक सरकताना दिसतं. मणक्यात, मज्जारज्जूला लागून स्क्रू घालायचा असेल, तर मी स्वतः ही सोय आवर्जून मागेन.

पण कॅमेऱ्यापुढे कुणी उभं राहिलं, की त्याला दिसेनासं होतं. हाडावरची चौकट धक्क्याने हलली, तर ते जास्त वाईट. पडद्यावर सगळं ठीक दिसत राहतं आणि जागा चुकलेली असते. म्हणून सर्जन मधूनमधून हाडाच्या ओळखीच्या उंचवट्यावर हत्यार टेकवून पडद्याशी ताडून बघतात. शंका आली, तर नवा एक्स-रे घ्यायचा, तिथे किरणांची काटकसर करायची नाही. जुन्या इमेज इंटेन्सिफायरच्या, म्हणजे एक्स-रेचं चित्र उजळ करणारी नळी असलेल्या यंत्रांत आणखी एक अडचण असते. कमान फिरली, की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळेसुद्धा चित्राला किंचित मुरड पडते आणि ती हिशेबात धरावी लागते.

डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : सी-आर्म प्रशिक्षित तंत्रज्ञ चालवणार का, आणि किरणांच्या मात्रेची नोंद आईच्या कागदांत मिळेल का?