बंदूक चमकते, पण करते काय?

प्रश्न : दादा, ट्रेलर बघून एक सायफाय अ‍ॅक्शन गेम घेतला. ग्राफिक्स एक नंबर, स्पेसशिप, रोबो, लेझर सगळं आहे, पण दोन तासांत जांभया यायला लागल्या. माझंच काही चुकतंय का? असा गेम खेळण्यासारखा आहे की नाही हे ओळखायचं कसं?

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये रे. मी एक सोपी टेस्ट करतो, मनातल्या मनात लेझर गन काढायची आणि तिथं साधी रायफल ठेवायची, एलियन काढून साधा सैनिक उभा करायचा, आणि मग बघायचं की खेळताना काही फरक पडतोय का. नाही पडला तर ते सायफाय म्हणजे नुसती रंगरंगोटी, आणि रंग दोन तासच टिकतो.

आता हीच टेस्ट 2008 च्या डेड स्पेस या गेमला लावून बघ. त्यातला प्लाझ्मा कटर हे मुळात खाणीतलं अवजार, त्यातून एक रेष निघते, बटण दाबलं की ती आडवीची उभी, उभीची आडवी होते. समोरून येणाऱ्या राक्षसाच्या डोक्यात गोळ्या घालून फारसं काही होत नाही, त्याचे हातपाय तोडावे लागतात (सुरुवातीलाच भिंतीवर रक्तानं तसं लिहिलेलं असतं, एवढी स्पष्ट सूचना क्वचितच मिळते). म्हणजे पाय तोडायचे तर रेष आडवी, खांद्यातून हात उडवायचा तर उभी, आणि पाय तोडले तरी तो सरपटत येतोच. शूटरमध्ये वर्षानुवर्षं डोक्यावर नेम धरायची सवय लागलेली असते ती इथं मोडावी लागते. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात हेल्थ बार (किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी) वगैरे काही नाही, हेल्थ हिरोच्या सूटच्या पाठीवर कण्याच्या रेषेत दिसते, गोळ्यांचा आकडा बंदुकीवरच तरंगतो, सामानाची यादीसुद्धा हवेत उघडते आणि ती उघडली म्हणून गेम थांबत नाही. मी पहिल्यांदा ती उघडून निवांत औषध शोधत बसलो होतो, मागून काय आलं ते सांगत नाही. रायफल ठेवून बघ तिथं, अर्धा गेम गायब होतो.

तसंच 2016 च्या टायटनफॉल 2 मधे एक लेव्हल आहे, मनगटावर एक यंत्र मिळतं, एक बटण दाबलं की पडझड झालेल्या इमारतीतून तू तीच इमारत शाबूत असलेल्या काळात जातोस, परत दाबलं की इकडे. या काळात वाट बंद असेल तर त्या काळातून जायचं, तिकडे पहारेकरी अंगावर आले तर इकडे सटकायचं, आणि भिंतीवरून पळताना उडी मारलीय तोवर हवेतच काळ बदलायचा कारण पुढची भिंत दुसऱ्याच काळात आहे! टाइम ट्रॅव्हलवर कोणी कितीही लेक्चर दिलं तरी ते असं बोटांत उतरत नाही.

प्रश्न : आडोशाला बसायचं, डोकं काढून दोन गोळ्या मारायच्या, परत बसायचं, सगळीकडे हेच. यापेक्षा वेगळं काही असतं का?

उत्तर : असतं की. 2016 चा डूम घे, त्यात हेल्थ संपत आली की लपायचं नाही उलट अंगावर जायचं, कारण अर्धमेला झालेला राक्षस चमकायला लागतो आणि त्याला जवळ जाऊन हातानं संपवलं की हेल्थ सांडते. गोळ्या संपल्या तर चेनसॉनं, म्हणजे मोटरवाल्या करवतीनं, कापायचं, गोळ्या मिळतात. म्हणजे जीव वाचवायचा रस्ता गर्दीतूनच जातो, बसून राहिलास की मेलास.

आणि शत्रू कसे आहेत तेही बघ. 2001 च्या पहिल्या हेलोमधे एलिट नावाच्या मोठ्या एलियनचं शील्ड (अंगाभोवतीचं कवच) उडालं की तो आडोसा शोधतो, एलिट मेला की त्याच्यामागचे बुटके ग्रंट हात वर करून बोंबलत पळतात. मग आपसूकच आधी मोठ्याला गाठायचं डोक्यात येतं. त्यासाठी प्लाझ्मा पिस्तूलचं बटण दाबून धरायचं, मोठा गोळा सोडून शील्ड उडवायचं आणि लगेच दुसरं पिस्तूल काढून डोक्यात एक. पण हत्यारं दोनच जवळ ठेवता येतात, म्हणजे ही जोडी घेतली की लांबच्यासाठी स्नायपर नाही. ही जी चिडचिड होते ना, काय टाकू काय ठेवू, तीच खरी मजा.

प्रश्न : मला स्टोरी हवी असते पण कटसीन, म्हणजे मधेच नुसते बघायचे सिनेमासारखे सीन, आले की मी मोबाइल बघायला लागते. मी काय खेळू?

उत्तर : ताई, 1998 चा हाफ-लाइफ. ग्राफिक्स जुनं दिसेल, दिसू दे. तुमच्या हातातून कंट्रोल काढून घेऊन सिनेमा दाखवणं वगैरे जवळपास नाहीच. सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या ट्राममधून जाताना डब्यातल्या डब्यात फिरून खिडकीबाहेर बघता येतं, कोणी बघ म्हणत नाही. आणि पुढं जो प्रयोग फसून सगळा सत्यानाश होतो, त्यात तो नमुन्याचा गाडा मशीनच्या किरणात तुम्हालाच ढकलत न्यावा लागतो. उभ्या राहिलात तर काहीच होत नाही. ढकललात की मग नंतर कोणाला दोष देणार, मोबाइल बघायला हात मोकळा कुठे होता?

प्रश्न : मित्र म्हणतो 60 तासांपेक्षा कमी असेल तर घेऊच नको. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वर सांगितलेला टायटनफॉल 2, त्याची स्टोरी एका सुट्टीच्या दिवसात संपते, आणि ते काळवालं यंत्र तर एका लेव्हलपुरतंच देऊन काढून घेतात. दुसऱ्या कोणी त्याच्यावरच 60 तास ओढले असते. मित्राला ती एक लेव्हल खेळायला दे, कंट्रोलर परत मागून बघ, देतो का ते कळव.