बोकडाची पोटरी: डावी आखूड आणि उजवी लांब कशी झाली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एकाच बोकडाचे मागचे दोन पाय ताजे आणलेत. डाव्या पायाची पोटरी त्याच रात्री सोडवून पिशवीत घातली आणि फ्रीजमध्ये ठेवली. उजव्याचा कंटाळा आला, म्हणून तो हाडासकट तसाच फ्रीजमध्ये. सकाळी दोन्ही १०% फॉर्मॅलिनच्या, म्हणजे मांस न सडता टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बरणीत. दहा दिवसांनी कापलं तर बाहेरून खडखडीत, आत गुलाबी आणि वास, शिवाय काळे ठिपके. तंतूंची लांबी डावीकडे २४ मिलिमीटर, उजवीकडे ३०. आणि तुम्ही विचारताय की फॉर्मॅलिन भेसळीचं निघालं का?

वास आणि ठिपके फॉर्मॅलिनच्या खात्यात टाका. लांबीचा घोळ फ्रीजने केलाय, बरणीचं झाकण उघडायच्या आधीच.

मी बडोद्यातच अठ्ठावीस वर्षं शरीररचना विभागात तंत्रज्ञ होतो. हात कायम फॉर्मॅलिनमध्ये. पहिल्याच वर्षी मी एक अख्खी मांडी न चिरता टाकीत सोडली होती. महिन्याने प्रात्यक्षिकाला काढून मधोमध सुरी घातली, तर बाहेर बोटभर जाडीची राखाडी साल आणि आत सडका लगदा. मुलं नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. साहेब काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाटकाकडचं ताजं मांस मेलेलं असतं असा आपला समज. बोकडाचा जीव जातो, पण पोटरीचा पुढचे काही तास जात नाही. नुकता आणलेला पाय टेबलावर घेऊन सुरी टेकवली की कधी कधी मांस थरथरतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. तंतूंमध्ये एटीपी, म्हणजे स्नायूचं इंधन, शिल्लक असतं आणि स्नायूला आकसायचा इशारा देणारं कॅल्शियम आपल्या कोठारात बंद असतं. अशा वेळी तापमान झपाट्याने १०-१५ अंशांच्या खाली नेलं, की कॅल्शियम परत कोठारात ओढणारा पंप ढिला पडतो, कॅल्शियम बाहेर सांडतं आणि स्नायू आकसतो. न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ साली हे मोजून दाखवलं. तिथे प्रश्न खाण्याच्या मांसाचा होता, कारण लगेच गार केलेलं मांस चिवट होत होतं. पुढे एटीपी संपतं, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या तंतूंतल्या एकमेकांना ओढणाऱ्या प्रथिनांची पकड सुटत नाही, स्नायू ताठरतो, आणि आकसलेला असेल तर आकसलेलाच राहतो. फॉर्मॅलिन त्यावर फक्त शिक्का मारतं.

तुमची डावी पोटरी दोन्ही टोकांनी मोकळी होती, तिला आकसायला कोणाची आडकाठी नव्हती. उजवीला हाडाने धरून ठेवलं होतं. कंटाळा केलात ते बरंच झालं म्हणायचं!

आता फॉर्मॅलिन. बाटलीतलं द्रावण ३७ ते ४०% फॉर्मॅल्डिहाइडचं असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे आपलं १०% फॉर्मॅलिन. प्रत्यक्षात फॉर्मॅल्डिहाइड चारेक टक्केच. नुसत्या पाण्यात केलं तर ते हळूहळू आंबट होतं, आणि आंबट फॉर्मॅलिन रक्ताला भेटलं की काळपट रंगद्रव्य बसतं. तेच तुमचे ठिपके. म्हणून बफर, म्हणजे आंबटपणा रोखणारे क्षार, घाला: १०० मिली फॉर्मॅलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. आणि बरणी मोठी हवी. मांसाच्या दहा ते वीस पट द्रावण लागतं, पाय कोंबलेल्या लोणच्याच्या बरणीत ते कुठून मावणार?

फॉर्मॅलिनचा मांसात शिरण्याचा वेग सुरुवातीला ताशी एखादा मिलिमीटर, मग मंदावत जातो. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. त्यातून शिरणं वेगळं आणि पकड घेणं वेगळं, पातळ तुकड्यालाही चोवीस तास हवेतच. (फ्रँकफर्टच्या फर्डिनंड ब्लुमला १८९३ मध्ये या द्रावणाचा हा गुण कळला तो स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली म्हणून. हातमोजे नव्हते, दुसरं काय.) बडोद्याच्या कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमासा आठवा, १९४४ साली महीच्या मुखाशी लागलेला. आपल्याला बघायला सांगाडाच आहे. तेवढ्या मांसात कुठलं रसायन कुठवर पोचणार होतं?

म्हणून जाड स्नायूला रक्तवाहिनीतून द्रावण द्यावं. मी करायचो ते सांगतो. पाय आणल्या आणल्या, फ्रीज न दाखवता, लाकडी फळीवर बांधायचा. घोट्याचा सांधा, म्हणजे मागच्या पायाचा तो उलटा गुडघा वाटतो तो, दोन्ही पायांत एकाच कोनात, सुतळीने घट्ट. गुडघ्यामागची धमनी शोधून कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालायची, आधी सलाइन (मिठाचं पाणी), परतीचं पाणी स्वच्छ दिसलं की बफर फॉर्मॅलिन, सावकाश. जोर लावलात तर मांस फुगतं. मग पाय फळीसकट टबात. पोटरी सोडवायची ती पक्की झाल्यावरच. खाटकाला आधीच सांगा, टाचेची कंडरा तोडू नको. ते सवयीने तिथेच सुरी चालवतात.

एटीपेजचा, म्हणजे एटीपी फोडणाऱ्या एन्झाइमचा, रंग चढत नाही, असंही शेवटी लिहिलंयत. फॉर्मॅलिनमध्ये ते एन्झाइम मरतं, चढणार कसा? त्यासाठी ताजा लहान तुकडा द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात गोठवावा लागतो. नुसत्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलात तर बर्फाचे खडे तंतूंना भोकं पाडतात. द्रव नायट्रोजनसाठी कृत्रिम रेतन करणाऱ्या पशुवैद्यांकडे विचारा, वीर्याच्या कांड्या ते त्यातच ठेवतात.

आणि तंतूची लांबी नुसती मिलिमीटरमध्ये सांगू नका, सार्कोमिअरशी, म्हणजे तंतूत ओळीने लागलेल्या आकसणाऱ्या कप्प्यांच्या लांबीशी, जोडून सांगा. तंतूंची बारीक जुडी २०% नायट्रिक आम्लात सुटी करा (हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी), धुऊन ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर ठेवा आणि ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर पॉइंटर तिच्यातून सोडा. दहा सेंटिमीटरवरच्या कागदावर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे दिसतील. मधल्यापासून पहिला पट्टा २.७ सेंटिमीटरवर असेल तर सार्कोमिअर अडीच मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साडेतीनवर असेल तर जेमतेम दोनचं, म्हणजे आकसलेलं. समजा डावीकडे २.० आणि उजवीकडे २.५ निघालं, तर २४ भागिले २ आणि ३० भागिले २.५, दोन्हीकडे बाराच. म्हणजे एका तंतूत बारा हजार सार्कोमिअर, आणि दोन्ही पाय सारखे.

तेव्हा ते पाय टाकून देऊ नका. आतला भाग गेलाय, पण बाहेरच्या कडक सालीतले तंतू आहेत त्या लांबीला पक्के झालेत. दोन्हीकडून एकेक जुडी काढून लेसर लावा आणि पट्ट्यांची अंतरं इथे टाका.