पांदणीसारख्या वाटा, टेकडीवरची देवळं : सिफनोस बेटाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ग्रीसमधल्या सिफनोस बेटावरच्या पायवाटांची ओळख दिली होती. एजियन समुद्रातलं हे सुमारे ७४ चौरस किलोमीटरचं डोंगराळ बेट. तिथे जवळपास शंभर किलोमीटरच्या जुन्या खेचरवाटा साफ करून त्यांवर खुणा लावल्या आहेत. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चर्च, पवनचक्क्या आणि समुद्रकिनारा एकाच दिवसात पायी पाहता येतील असा एखादा रस्ता सांगा. आम्ही पाचजणी रोज सकाळी सात-आठ किलोमीटर चालतो. (निवृत्त शिक्षिका, दारव्हा, जि. यवतमाळ)

येतील. पूर्व किनाऱ्याची वाट धरा : आर्तेमोनास, पुलाती, कास्त्रो, फारोस, ख्रिसोपिगी आणि शेवटी प्लातिस यालोस. एकूण अंतर दहा-अकरा किलोमीटर. हिशेब मात्र किलोमीटरचा करू नका, तासांचा करा. तुमचे सात-आठ किलोमीटर डांबरी सडकेवरचे आहेत. इथे पायाखाली उभे-आडवे गोटे आणि पायऱ्या आहेत. सडकेवर ज्याला दीड तास लागतो त्याला इथे अडीच तास धरा. थांबे सोडून साडेचार तास चालणं होईल, थांब्यांसकट सात. सकाळी साडेसातला निघा.

बोटी कामारेस बंदरात लागतात. तिथून बस आपोलोनिया या मुख्य गावातून आर्तेमोनासला जाते. आर्तेमोनासच्या धारेवर पवनचक्क्या आहेत, त्या आधी पाहून घ्या, कारण नंतर वाट खालीच उतरते. तिथून समुद्राच्या दिशेने उतरलं की निळ्या घुमटाचं पुलातीचं चर्च लागतं. पुढे किनाऱ्याच्या कडेकडेने कास्त्रो. ही बेटाची जुनी राजधानी. बाहेरच्या रांगेतल्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून तटबंदी केली आहे, म्हणजे वेगळा कोट बांधायची गरजच पडली नाही. गल्ल्यांमध्ये रोमन काळातल्या दगडी शवपेट्या पडलेल्या दिसतील. गावाखाली समुद्रात घुसलेल्या खडकावर सात हुतात्म्यांचं छोटं चर्च आहे. तिथवर पायऱ्या आहेत, पण वारा जोरात असेल तर त्या दिवशी खाली उतरू नका. लाटेचं पाणी पायऱ्यांवर येतं आणि चुना लावलेला ओला दगड साबणासारखा निसरडा होतो.

कास्त्रोतच पाणी भरून घ्या आणि पोटात काही ढकला, कारण पुढचा फारोसपर्यंतचा सव्वा ते दीड तासाचा टप्पा सगळ्यात उघडा आहे. एकही मोठं झाड नाही. चुकण्याची जागाही हीच. शेळ्यांच्या वाटा खऱ्या वाटेला येऊन मिळतात आणि त्या जास्त मळलेल्या दिसतात. ओळख अशी ठेवा : खेचरवाटेला बहुतेक ठिकाणी एका किंवा दोन्ही बाजूंना बिनगिलाव्याची दगडी भिंत असते, अगदी आपल्या पांदणीला दोन्हीकडे धुरा असावा तशी, आणि पायाखाली बसवलेला दगड असतो. भिंत संपली, काटेरी झुडपं गुडघ्याला लागू लागली आणि पाच मिनिटांत क्रमांकाची पाटी दिसली नाही, तर तुम्ही शेळीच्या वाटेवर आहात. ‘खाली उतरून पाहू’ असं करू नका, शेवटच्या खुणेपर्यंत परत या. मोबाईलचा नेहमीचा नकाशा बरेचदा गाडीरस्त्यावर नेऊन सोडतो. पायवाटांचा नकाशा घरूनच उतरवून ठेवा किंवा आपोलोनियात कागदी नकाशा घ्या.

फारोसहून छोट्या पुळणींच्या कडेने वीस-पंचवीस मिनिटांत ख्रिसोपिगी येतं. १६५० साली बांधलेलं हे चर्च एका चिंचोळ्या खडकावर आहे. चाचे मागे लागले तेव्हा आत आसरा घेतलेल्या बायकांना वाचवायला खडकच दुभंगला, अशी कथा तिथले लोक सांगतात. ती भेग आजही आहे आणि तिच्यावरून लहानसा पूल ओलांडूनच आत जावं लागतं. पाय थकले असतील तर शेजारच्या आपोकोफ्तोच्या वाळूत बसा, नसतील तर डोंगराची सोंड ओलांडून आणखी पाऊण तासात प्लातिस यालोस गाठा. तिथून आपोलोनियाला बस मिळते. शेवटची बस किती वाजता आहे, हे सकाळीच थांब्यावर पाहून वहीत लिहून ठेवा. जुलै-ऑगस्ट सोडला तर फेऱ्या फार कमी असतात.

प्रश्न : तुम्ही लिहिता, उन्हाळ्यात जाऊ नका, पारा ३२ वर जातो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ पाहिलेले लोक ३२ ला काय भिणार? (शेतकरी, तेल्हारा, जि. अकोला)

नेमका हाच हिशेब फसतो. ४५ च्या दिवसांत तुम्ही अकरानंतर वावरात राहत नाही, घराकडे येता. तिथे मात्र ३२ आहे म्हणून भर दुपारी चालत राहता. शिवाय ३२ हा सावलीतला आकडा आहे, आणि सावलीच नाही. पांढऱ्या भिंती, फिका दगड आणि समुद्र, तिघांकडूनही ऊन उलटून अंगावर येतं.

खरा घात वारा करतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा दिवसदिवस वाहतो. तो घाम फुटल्या फुटल्या वाळवतो, अंगाला गार लागतं, तहान जाणवत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं तेव्हा कळतं की अंगातलं पाणी गेलं. म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून प्या : तासाला अर्धा लिटर. वर सांगितलेल्या पूर्व किनाऱ्याच्या वाटेसाठी माणशी अडीच-तीन लिटर धरा. वाटेवरच्या कुंडातलं पाणी पिऊ नका. जीवनजल पाकिटं न्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच, आणि मीठ त्याहून जास्त नको.

छत्री नेऊ नका, पहिल्याच खिंडीत उलटते. आपला सुती दुपट्टा डोक्या-कानांवरून घट्ट बांधा, टोपीपेक्षा तोच टिकतो. पँट पूर्ण लांबीची, कारण झुडपांचे काटे पिंडऱ्या ओरबाडतात. चांगला काळ म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर.

प्रश्न : माझी आटाचक्की आहे. कापडाच्या शिडांवर चालणारी पवनचक्की दळत कशी होती? जोर कमी-जास्त कसा करत? (मोर्शी, जि. अमरावती)

तुमच्या चक्कीत मोटर आणि पट्टा जे काम करतात, तेच तिथे वारा आणि दातेरी चाक करत. खाली दगडी गोल मनोरा, वर शंकूसारखं गवती छप्पर. छपरातून बाहेर आलेल्या लाकडी आसाला बहुधा बारा दांड्या, आणि प्रत्येक दांडीला त्रिकोणी कापडी शीड. दांड्यांची टोकं दोराने एकमेकींना बांधलेली, म्हणजे एकीवरचा ताण सगळ्यांत वाटला जातो. आसावर आत मोठं लाकडी दातेरी चाक असतं. ते पिंजऱ्यासारख्या उभ्या लहान चाकाला फिरवतं आणि त्याच्या दांड्यावर वरचा दगड फिरतो. मोठं चाक एकदा फिरलं की लहान चाक अनेकदा फिरतं, म्हणून शिडं संथ दिसली तरी दगड वेगात असतो. खालचा दगड जात्यासारखाच स्थिर.

जोर कमी करायचा तर शीड दांडीभोवती गुंडाळायचं. वारा मंद असेल तर बाराही शिडं पूर्ण उघडी. सोसाट्याचा असेल तर कापड अर्धंच उघडं, किंवा एकाआड एक दांडी रिकामी. वाऱ्याची दिशा बदलली की छप्परच आसासकट आतून वळवत. धोका तुम्हाला ठाऊक असलेलाच : दाणा संपला आणि दगड फिरत राहिला, की दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. चहूकडे लाकूड, गवत आणि पीठ! म्हणून लाकडी चाकाला आवळणारा ब्रेक असे आणि दळण चालू असताना चक्कीवाला जागचा हलत नसे. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावायची, हेही आपल्यासारखंच.

एक गोष्ट मुद्दाम पाहा. गहू आणि जव तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघत आणि लगेच मेल्तेमी सुरू होई. वाटेवर, वारा खेळतो अशा उघड्या जागी, दगडी फरसबंदीची गोल खळी दिसतील. मळणी आणि उफणणी तिथेच, दळण जवळच्या धारेवर. तिव्यावर उभं राहून वाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला ती जागा का निवडली हे सांगावं लागत नाही.

प्रश्न : चर्चमध्ये जाताना चपला काढायच्या का? बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा का? (शेगाव, जि. बुलडाणा)

पायताण काढत नाहीत. पुरुषांनी टोपी काढावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पदराची सक्ती नाही. साडी किंवा सलवार-कुर्ता उत्तम.

आपल्या लोकांकडून होणारी मोठी चूक वेगळीच आहे. आपण देवळात शिरताना सवयीने घंटा वाजवतो. तिथे दोरीला हात लावू नका. ती घंटा गावाला प्रार्थनेसाठी किंवा मृत्यूची खबर देण्यासाठी असते. मूर्ती नसतात, चित्रं असतात. चित्रांच्या लाकडी पडद्यामागे पाहुण्यांनी जायचं नाही. मेणबत्ती लावायची तर पेटीत नाणं टाकून वाळूच्या तबकात उभी करा. रानातल्या चर्चचं दार कडी किंवा दोरीने बंद असतं. निघताना तसंच बंद करा, नाहीतर आत शेळ्या शिरतात.

ही चर्चं वाट दाखवायलाही उपयोगी पडतात. दार साधारण पश्चिमेला आणि पाठीमागचा गोल फुगवटा पूर्वेला असतो. ढगाळ दिवशी दिशा कळेना झाली तर जवळच्या चर्चच्या पाठीकडे पाहा.

१९ जुलैच्या संध्याकाळी तिथे असाल तर प्रॉफितिस इलियासच्या शिखरावर जा. सुमारे ६८० मीटर उंची, कातावाती वस्तीतून दोन तासांची चढण. २० जुलै हा त्या संताचा दिवस, आदल्या रात्री वर जेवण असतं. आपल्या भंडाऱ्यासारखंच, जागा कमी म्हणून पंगतीवर पंगत बसते, आणि परक्यालाही बसवतात. उतरायला प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी.

प्रश्न : आम्ही माळकरी. उपाशी राहायची वेळ येईल का? (कारंजा, जि. वाशीम)

उलट सिफनोसची ओळखच हरभऱ्याची आहे, आपल्या काबुली चण्याची. भिजवलेले चणे, कांदा, तेजपान, ऑलिव्ह तेल आणि पाणी मातीच्या झाकणाच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि रविवारी दुपारी खातात. नाव रेविथिया. दुपारी लवकर पोचा, संपून जातं. चण्याचे वडेही मिळतात, रेविथोकेफ्तेदेस. तिखट नसतं, सोबत चटणीची पुडी ठेवा.

दोन फसगती लक्षात ठेवा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं असं सांगतील, पण त्यात ऑक्टोपस आणि माखली चालतात. म्हणून ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको, आणि ‘होरिस थालासिना’ हेही जोडा, म्हणजे समुद्रातलं इतर काही नको. दुसरं, तिथे ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि ‘ओही’ म्हणजे ‘नाही’. ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नाला ‘ने’ ऐकून आपला माणूस निर्धास्त होतो आणि फसतो. मान मागे टाकून भुवया उंचावल्या तरी ते ‘नाही’च असतं.

प्रश्न : वैनगंगेत पोहलेल्या पोरांनी समुद्रात उतरावं का? (पवनी, जि. भंडारा)

प्लातिस यालोस, कामारेस किंवा वाथीला उतरावं. वाळू आहे आणि पाणी हळूहळू खोल होतं. वाथीची खाडी जवळजवळ बंदिस्त आहे. भरती-ओहोटीचा फरक तिथे अगदी थोडा. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळे पोरं फाजील धीर धरतात, पण नदीत लाट तोंडावर येत नाही, इथे येते. छातीइतक्या पाण्यात, काठाला समांतर पोहा. खडकांवरून उतरणार असाल तर रबरी चपला घाला, कपारीत काळे काटेरी समुद्री जीव चिकटलेले असतात आणि त्यांचा काटा तळव्यात मोडतो. पोहून पुन्हा चालायचं असेल तर पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांमधून पुसून मगच मोजे घाला. मीठ आणि वाळू राहिली की तासाभरात फोड येतात.

प्रश्न : आमच्याकडे चढ नाहीत. सराव कुठे करावा? (आर्वी, जि. वर्धा)

दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा जिने, आणि सुट्टीला रामटेकच्या पायऱ्या. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. सपाटीच्या माणसाची धाप लवकर सुधारते, गुडघे नाही. बूट घरीच पन्नास-साठ किलोमीटर वापरून मऊ करून घ्या.

प्रश्न : कागदपत्रं आणि प्रवास कसा? (चिमूर, जि. चंद्रपूर)

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बेटावर विमानतळ नाही. अथेन्स विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअस बंदराला जाते. तिथून मोठ्या बोटीला सुमारे पाच तास, वेगवान बोटीला अडीच-तीन. ज्यांना बोट लागते त्यांनी मोठीच बोट घ्यावी, ती कमी हलते.

परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी बेटावरून निघू नका. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर वारा ८ च्या आसपास गेला की बोटी बंदरातच थांबवतात, लहान वेगवान बोटी तर त्याआधीच. आदल्या दिवशीच अथेन्सला मुक्कामाला या, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर दोन दिवस आधी.