एक्सलचा बूट फाटलाय आन् वळताना टकटक यायलीय, तर खोलायचं का बदलायचं?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की समोरच्या डाव्या चाकाच्या आतून ग्रीस उडून रिमला लागलंय, उजवीकडं पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी काढली की टक टक टक आवाज यायलाय, जिंतूरचे मेस्त्री पूर्ण एक्सलच बदला म्हणायलेत, आणि तुम्हाला वाटतंय की नवा बूट आणि ग्रीस आणून शेतातल्या शेडमध्ये स्वतःच खोलून बसवावं. काम घरी होतं, त्यात शंका नाही. पण आवाज यायलाय म्हणजे नुसत्या बुटानं भागणार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर दिवसभर खपून गाडी खाली घ्याल आणि टकटक तशीच राहील.

आधी आत काय असतं ते बघा. एक्सल म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारा शाफ्ट, या एका शाफ्टला दोन जॉइंट असतात, आणि जॉइंटवरचं ग्रीस धरणारं रबरी टोपण म्हणजे बूट. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट, त्यात सहा गोळ्या, त्या गोळ्यांना धरणारी जाळी म्हणजे केज, आणि आत-बाहेर दोन वाट्या ज्यांना गोळ्या पळायला खाचा पाडलेल्या असतात. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा असतो, तो वाकतो पण आणि आत-बाहेर सरकतो पण, कारण खड्ड्यात चाक खालीवर झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. आपल्याकडं जीपच्या प्रोपेलर शाफ्टवर हात बसलेले लई मेस्त्री आहेत, तिथं क्रॉस म्हणजे अधिकच्या खुणेसारखा जॉइंट असतो, आणि एकटा क्रॉस जास्त कोनात फिरवला की पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढं पळते, दोनदा मागं राहते. समोरचं चाक फिरायचं पण आणि वळायचं पण, तिथं हे चालत नाही. म्हणून गोळ्यांचा जॉइंट, त्यात कोन कितीही झाला तरी गोळ्या दोन्ही शाफ्टच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात आणि फिरणं एकसारखं मिळतं. १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हापासून हा प्रकार गल्लोगल्ली झाला, त्याआधीच्या अँबॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकावर चालायच्या.

आता या गोळ्यांचं सगळं आयुष्य त्या रबरी बुटावर आहे. बूट शाबूत असला तर जॉइंट लाख-दीड लाख किलोमीटर सहज जातो. बूट चिरला की फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच चिरेतून धूळ आणि पाणी आत. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बुटाच्या घड्यांत बसते, वाळून ढेकूळ होते, आणि पुढं गाडी वळवली की तीच घडीत दाबली जाऊन रबर कापते, त्यात एप्रिल-मेचं ऊन, रबर कडक होऊन तडकतं. म्हणून शेतरस्त्यावर जाणाऱ्या गाडीचे बूट पावसाळा संपला की पाण्याच्या पाईपनं धुवायचे आणि चाक पूर्ण वळवून बॅटरीनं घडी-घडीत बघायचे. चीर सापडली आणि आवाज नसेल तर काम स्वस्तात होतं, आवाज सुरू झाल्यावर नाही.

तुमचा कोणता जॉइंट गेलाय हे खोलायच्या आधी ठरवा. पूर्ण वळणावर टकटक म्हणजे बाहेरचा. सरळ चालताना पिकअप दिला की गाडी थरथरती आणि पाय काढला की थांबती, तर आतला. वळणावरचा आवाज बहुतेक वेळा वळता त्याच्या उलट्या बाजूचा असतो, म्हणजे तुमचं उजवीकडं वळताना डावा, आणि ग्रीसही डावीकडंच उडालंय, तर जुळतंय. सरळ रस्त्यावर वेगाप्रमाणं वाढणारी घूं घूं असेल तर ते बेअरिंग, त्याला एक्सल जबाबदार नाही.

खोलताना पहिलं काम हब नट, म्हणजे शाफ्टचं टोक चाकाच्या हबमध्ये धरणारा मोठा नट, आणि तो गाडी जमिनीवर असताना, हँडब्रेक आणि पहिला गिअर टाकून, ब्रेकवर माणूस बसवून ढिला करायचा. बऱ्याच गाड्यांत ३० किंवा ३२ चा सॉकेट लागतो, नटाची ठोकून दाबलेली कड छन्नीनं आधी सरळ करा, नाहीतर नट शाफ्टचे आटे घेऊन येईल. नंतर जॅक, पण आपली जमीन भुसभुशीत, जॅकखाली जाड फळी घाला आणि गाडी स्टँडवर बसवा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. गिअर ऑइल आधी काढून घ्या, शाफ्ट ओढला की तिथून ते सांडतंच. एबीएसची वायर असेल तर ती सोडवून बाजूला घ्या.

खालच्या आर्मचा बॉल जॉइंट (हा एक्सलवरचा नाही, हबला खालून आर्मशी जोडणारा वेगळा) सोडवला की हब बाहेर ओढून शाफ्ट त्यातून निघतो. अडकला तर नट दोन आटे परत लावून त्यावर लाकूड ठेवून ठोका, उघड्या आट्यावर हातोडा नको. गिअरबॉक्सच्या बाजूनं काढताना शाफ्टला धरून झटका द्यायचा नाही, त्यानं आतला जॉइंट वाटीतून सुटून येतो आणि वाटी तिथंच राहते, वर बूट पण फाटतो. वाटीच्या मागं पहार किंवा टायर लिव्हर घालून वाटीलाच बाहेर ढकला, आतलं लॉक सुटल्याचा खट आवाज येतो. ऑइल सीलच्या कडेला पहार टेकवू नका. आणि शाफ्ट काढलेल्या हबवर गाडीचं वजन टाकून ढकलायची नाही, काही गाड्यांत तो नटच बेअरिंग घट्ट धरून असतो, बेअरिंगची वाट लागते.

आता टेबलावर. व्हाइसच्या जबड्यात लाकडाचे तुकडे घालून शाफ्ट धरा, बूट आवळून धरणाऱ्या जुन्या पट्ट्या कापा, बूट मागं सरकवा. लगेच पुसायला जाऊ नका, आधी चिमूटभर ग्रीस दोन बोटांत घेऊन चोळा. काळं ग्रीस खराब असं नाही, मॉलिब्डेनमचं ग्रीस काळंच असतं. पण बोटांत कचकच लागली तर माती गेली, आणि उजेडात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर ते लोखंड आहे, गोळ्यांनी खाचा खायला सुरुवात केलीय.

आतला जॉइंट खोलायच्या आधी वाटी, तिकाटणं (तीन रोलर बसतात तो तुकडा) आणि शाफ्ट तिघांवर पेंटनं एका रेषेत खूण करा. खूण नसली तर पार्ट उलटसुलट बसतात, घासून एकमेकांशी जमलेले जुने पृष्ठभाग बदलतात आणि कंपन येतं. वाटी काढली की रोलरवरून टेप गुंडाळा, आत बारीक सुयांचं बेअरिंग असतं, ते सांडलं की मातीत शोधत बसाल. सर्कलिप म्हणजे लॉकची रिंग काढून तिकाटणं उतरवा, आणि त्याची कुठली बाजू शाफ्टकडं होती ते फोटो काढून ठेवा.

बाहेरच्या जॉइंटबद्दल नीट वाचा, इथंच लई जण चुकतात. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो शाफ्टवरून काढायचाच नाही असं सांगितलेलं असतं, बाहेरचा बूट आतल्या टोकाकडूनच चढवायचा, म्हणून आतला जॉइंट उतरवावा लागतो. काही गाड्यांत याच बाहेरच्या जॉइंटच्या आतल्या वाटीवर पितळी दांडा टेकवून एक जोरदार ठोका दिला की तो निघतो, आत सर्कलिप असते. तुमची कुठली ते आधी बघा. ठोकून ठोकून न निघणाऱ्याला अजून ठोकायचं नाही.

साफ करायला डिझेल किंवा रॉकेल चालतं, पेट्रोल नको. जॉइंट एका बाजूला वाकवा की दोन-तीन गोळ्या दिसतात, फिरवत फिरवत सहाही बघा, कोरडं करून परत बघा. खाचेत गोळी जिथून पळते तिथं चकाकी असणारच, ती चालते. त्या चकाकीवरून नख फिरवा. नख अडकलं, खड्डा लागला, किंवा पोपडा निघालेला दिसला तर जॉइंट संपला. केजच्या खिडकीत गोळी हलवून बघा, खडखडली तर संपला. निळसर रंग दिसला तर कोरडा तापलेला आहे, तोही संपला. तुमचा आवाज यायलाय म्हणजे यातलं काहीतरी दिसणारच, आणि नवं ग्रीस कितीही भरलं तरी गेलेलं लोखंड परत येत नाही, आठ दिवस दबेल आणि परत वाजेल. पण म्हणून पूर्ण एक्सलच घ्या असंही नाही. तुमचा बाहेरचा जॉइंट निघणाऱ्यातला असेल तर नुसता जॉइंट बूट-ग्रीस-पट्टीसह चांगल्या कंपनीचा मिळतो, शाफ्ट आणि आतला जॉइंट धड असेल तर तेवढाच बदला. निघणारा नसेल तर मेस्त्री बरोबर म्हणायलेत. डावा-उजवा अदलाबदल करून आवाज दाबायचा जुगाड पण लोक सांगतात, झीज उलट्या बाजूला जाते म्हणून तात्पुरतं बरं वाटतं, मी करू देणार नाही, कारण खाचेला खड्डा पडलेला जॉइंट भर रस्त्यात फुटू शकतो.

परत बसवताना हात आणि टेबल स्वच्छ. आधी छोटी पट्टी आणि बूट, आणि शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळूनच बूट सरकवा, नाहीतर नव्या बुटाला आतून चीर पडते. सर्कलिप नवीनच. ग्रीस किटमधल्या पाकिटातलंच, अख्खं, निम्म्याच्या वर जॉइंटमध्ये अंगठ्यानं दाबून दाबून, उरलेलं बुटात. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस काही गाड्यांत वेगळं असतं, पाकिटं बदलू नका. ट्रॅक्टरला मारायचं चासीचं ग्रीस इथं अजिबात नको, ते दाब सहन करत नाही. बूट खाचेत बसला की बारीक स्क्रू ड्रायव्हर कडेखाली घालून आतली हवा सोडा आणि मग पट्टी आवळा, हवा राहिली तर बूट फुगलेला किंवा पिचकलेला राहतो आणि घडी घासते. पीळ पडलाय का तेही बघा. आतल्या बुटाची लांबी मॅन्युअलप्रमाणे ठेवा. आणि पट्टी म्हणजे पट्टी. बाइंडिंग तार आणि केबल टाय लावलेले बूट मी लई बघितलेत, तार रबर कापते आणि टाय गरम झाला की ढिला पडतो. बाजारात एका बाजूनं उभा चिरलेला, शाफ्टवर गुंडाळून चिकटवायचा बूट मिळतो, तो गावाकडून शहरापर्यंत गाडी आणायला ठीक.

गिअरबॉक्समध्ये घालताना सीलच्या ओठाला ऑइल लावा, सरळ धरून खट होईपर्यंत ढकला, मग वाटीला धरून ओढून बघा, निघायला नको. हब नट नवीन घ्या, गाडी जमिनीवर घेऊन टॉर्क रेंचनं मॅन्युअलचा आकडा द्या, छोट्या गाड्यांत तो साधारण १७५ ते २५० न्यूटन मीटरच्या मध्ये असतो, पाईप लावून अंदाजानं नाही. मग कड ठोकून लॉक करा. बॉल जॉइंटचा बोल्ट विसरू नका. गिअर ऑइल लेव्हलपर्यंत भरा.

मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. १०० किलोमीटर झाले की खाली वाकून पट्ट्या आणि सील बघा, ओलं दिसलं तर फोटो टाका. खोलल्यावर गोळ्यांच्या खाचांचा पण एक फोटो टाका, नुसता जॉइंट घ्यायचा का अख्खा एक्सल ते त्यावरून सांगतो, तोवर सामान आणू नका.